सतरा किल्ल्या : मिरजेच्या आपल्या मंडळीस खुले पत्र

प्रिय बंधू-भगिनींनो आणि कमिटीच्या सभासदांनो,

सलाम.

येत्या रविवारी आपल्या चर्चचे पाळकसाहेब पुन्हा कामावर रुजू होतायत. ते गेले तेव्हा नाताळचा फराळ डब्यात शिल्लक होता, आता पावसाने चर्चच्या अंगणातली फरशी हिरवी केलीय. सात महिने झाले. जाताना त्यांनी माझ्या हातात किल्ल्यांचा एक जुडगा आणि लाल पुठ्ठ्याची एक वही ठेवली. "सिस्टर, तेवढं बघाल ना," एवढंच म्हणाले. मला वाटलं, दार उघडायचं, दार लावायचं. निवृत्त नर्सला तेवढाच विरंगुळा.

हे कमिटीपुढे न बोलता असं उघड लिहितेय, कारण कमिटीत मी उभी राहिले की दोन वाक्यं होतात न होतात तोच कोणीतरी "सिस्टर, थोडक्यात" म्हणतं. हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. शिवाय आपल्यासारख्या मंडळ्या सांगली-साताऱ्याकडे आणखीही आहेत. त्यांचेही पाळक आज ना उद्या असेच दमणार आहेत.

आधी अफवांचं उरकून घेते. बायपास झाली, बदली मागितली, कमिटीशी वाजलं, परदेशी मुलाखत दिली, घरात पटत नाही, हे सगळं माझ्या कानावर आलंय. त्यातलं काही तर मला तुमच्यातल्याच एकाने माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत सांगितलं. यातलं एकही खरं नाही. पाळकसाहेब थकले होते. झोप उडाली होती, उपदेश लिहायला बसलं की हात चालत नव्हता. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली आणि त्यांनी ती घेतली. एवढं त्यांना विचारून लिहिलंय. याच्यापुढचं मी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही.

आता वहीकडे येते. मला वाटलं होतं, आत उपदेशाची टिपणं असतील. निघाल्या याद्या. कोण आजारी, कोणाचा मुलगा दारू सोडतोय, कोणाला पेन्शनच्या कागदावर सही हवी, दफनभूमीच्या कुंपणाला कुठे भोक पडलंय, प्लंबरचा नंबर, माईकवाल्याचा नंबर. आणि नावांपुढे बारीक अक्षरात एकेक शेरा. "उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसावे." "भावाचा विषय काढू नये." "साखर नको म्हणतात, पण घालावी." हा शेवटचा शेरा कोणाबद्दल आहे ते मी सांगणार नाही, पण ज्याच्याबद्दल आहे तो हे वाचून हसेल.

पहिल्याच सोमवारी पहाटे साडेपाचला फोन. पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवाय, आज, बाराच्या आत. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, माझ्या हातात सतरा किल्ल्या. अकरावी लागली. आत कसर लागलेली जुनी रजिस्टरं, एकाची पानं तर नुसत्या फुंकरीने उडतील अशी. दाखला शोधून होतोय तोवर संडासची टाकी तुंबल्याचा निरोप आला. ती निस्तरतेय तोवर एका घरातून रडत फोन, म्हातारे गेले, दफनविधी चारला ठेवलाय, पाळक आणा. पाळक आणा म्हणजे कुठून आणा? शेजारच्या गावच्या पाळकांना विनंती केली. ते आपली दोन कामं बाजूला सारून मोटारसायकलवर भिजत आले. हा एक सोमवार. आणि सोमवार हा पाळकांचा सुट्टीचा वार आहे, हे मला वहीतच कळलं. प्रत्येक सोमवारी वर "सुट्टी" लिहून खाली पाच-सहा कामं लिहिलेली.

फेब्रुवारीत मी हात टेकले. मग आम्ही तेराजणांनी ती वही वाटून घेतली. कोणी दफनभूमी, कोणी रजिस्टर, कोणी दवाखान्यातल्या भेटी, तरुण संघाच्या दोन पोरांनी माईक, पंखे आणि गळती. उपदेशाला बाहेरचे पाळक महिन्यातून दोनदा यायचे, उरलेल्या रविवारी आपल्यातलंच कोणीतरी उभं राहायचं.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आठवण तुम्हाला असेलच. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सातजणांनी घ्यायचे ठरलं. "मला तहान लागली आहे" हा आपल्या रेल्वेवाल्या काकांच्या वाट्याला आला. आयुष्यात कधी वेदीजवळ उभे राहिलेले नाहीत. हातातला कागद थरथरत होता, तो त्यांनी घडी करून खिशात घातला आणि एप्रिल २०१६ मधली गोष्ट सांगितली. लातूरला पाणी नव्हतं आणि आपल्या जंक्शनवरून पहिली पाण्याची गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या टाक्या. गाडी हलली तेव्हा फलाटावर उभी असलेली माणसं गप्प झाली, कोणी घोषणा दिली नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "तहान लागली असं देवाचा पुत्र म्हणाला, तेव्हा जवळ उभ्या असलेल्यांकडे आंब होती, आंबट द्राक्षारस. आपल्याकडे काय आहे ते बघावं," आणि बसले. सगळं मिळून चार मिनिटं. मी पंचेचाळीस वर्षं उत्तम शुक्रवारची उपासना ऐकतेय, त्या चार मिनिटांसारखी थोडीच.

लग्नाचा किस्साही सांगायलाच हवा, नाहीतर फक्त गोड गोड सांगितलं असं होईल. आपली लग्नं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लागतात, आणि त्यात वेळ ठरवून दिलीय, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. मला हे माहीतच नव्हतं. मे महिन्यात सोलापूरकडच्या वऱ्हाडाची बस पंढरपूर रस्त्याला बंद पडली आणि नवरदेव सव्वासहाला दारात. बाहेरून आलेले पाळक घड्याळ बघत घामाघूम. मुलीच्या मामांना वाटलं, हे मुद्दाम घाई करतायत, मानपान राहिला. आवाज चढला. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, सात वाजायला दहा मिनिटं असताना रजिस्टरवर सही पडली, आणि मी मागच्या बाकावर बसून ब्लाउजच्या बाहीने डोळे पुसले. आनंदाने नव्हे. असल्या प्रसंगी पाळकसाहेब काय करायचे ते वहीत सापडलं. वऱ्हाड लांबचं असेल तर ते मुलीकडच्यांना मुहूर्त दुपारी दोनचाच सांगायचे आणि स्वतः चारच्या तयारीने राहायचे. हे त्यांना कोणत्या धर्मविद्यालयात शिकवलं असेल?

हे आम्ही किती केलं म्हणून सांगत नाही. तेराजणांनी जे जेमतेम ओढलं, ते एक माणूस २०१८ पासून एकटा ओढत होता आणि वर दर रविवारी पंचवीस मिनिटं नवीन काहीतरी बोलत होता. दोनदा त्यांची बदली निघाली, दोन्ही वेळा आपण सह्यांचा अर्ज करून ती थांबवली. तो अर्ज मीच लिहिला होता. प्रेमापोटी लिहिला. पण बदली झाली असती तर निदान सामान बांधायच्या निमित्ताने तरी त्या माणसाला आठ दिवस सुट्टी मिळाली असती.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहिते.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या थोरल्या बहिणीला जाऊन वर्ष झालं, म्हणून घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली होती. पाळकसाहेब त्या दिवशी आधीच एक दफन आटोपून आले होते. चिखलाचे बूट त्यांनी दाराबाहेर काढले, मोजे ओले. प्रार्थनेत त्यांनी माझ्या बहिणीच्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा. भाच्याने खाकरून बघितलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. पण नंतर तीन घरी बोलले. "आता पाळकसाहेबांचं लक्ष नसतं," असं म्हणाले. मग ते वाक्य तीन घरांतून तीस घरांत गेलं, आणि डिसेंबरात दानाच्या पिशवीत बिनसहीची चिठ्ठी निघाली, की पाळकांचं कामात लक्ष नाही, कमिटीने विचार करावा. चिठ्ठी मी लिहिली नव्हती. शब्द माझे होते.

त्याच महिन्यात एका दुपारी मी चर्चच्या फाटकातून जाताना पाळकसाहेबांना स्कूटरवर बसलेलं पाहिलं. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला, किल्ली हातात. गाडी बंद. मी भाजी घेऊन परत आले तरी तसेच. मी म्हटलं, "निघालात का आलात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा वेळाने म्हणाले, "तेच आठवतोय." मी हसले. मला वाटलं, विनोद केला.

चाळीस वर्षं मी वॉर्डात काढलीत. पेशंटचा नुसता चेहरा बघून ताप सांगणारी म्हणून माझं नाव होतं. आणि हा माणूस माझ्यासमोर नाव विसरतो, किल्ली हातात घेऊन बसतो, तर मला त्यात काय दिसलं? अपमान आणि विनोद. पाळकाला काही होऊ शकतं हे मी धरलेलंच नव्हतं. दुखणं आपलं, त्यांचं काम प्रार्थना.

सध्या पाऊस आहे, रोज सकाळी आपण सगळे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आपल्या हॉलमध्ये सांगलीची माणसं येऊन राहिली होती. पाळकसाहेबांनी भाताच्या पातेल्यापाशी रात्री काढल्या. पुढच्या वर्षी करोना. तेव्हा ते दफनभूमीत कधी कधी दोनच नातेवाइकांपुढे उभे राहून शेवटचे शब्द वाचायचे. मग २०२१ ला पुन्हा पूर. या सगळ्यात आपण नदीचे फूट मोजले. त्यांचे कोणी मोजले नाहीत.

तर आता रविवारचं.

ऑपरेशन झालेल्या माणसाला आम्ही एकदम चालवत नाही. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवायचं. पाच मिनिटं. एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. नातेवाईक हमखास म्हणतात, "अहो, काल तर बोलत होते, चालतील की." बोलता येतं म्हणजे चालता येतं असं नसतं. बसवल्यावर खुर्ची, खुर्चीनंतर दारापर्यंत दोन फेऱ्या. जिना फार नंतर. पाळकसाहेब आता पाय खाली सोडून बसलेत असं समजा.

त्यामुळे हार-तुरे नकोत. फाटकापासून वेदीपर्यंत दुतर्फा उभं राहून टाळ्या वाजवायचा जो बेत शिजतोय तो कृपा करून सोडून द्या. कोणी सत्काराचं भाषण लिहून ठेवलं असेल तर ते नाताळला वापरू. उपासना नेहमीसारखी, घंटा नेहमीच्या वेळेला. पहिले दोन रविवार ते फक्त आशीर्वाद देतील, उपदेश दुसरे करतील. दारात हात मिळवताना "आता बरं वाटतंय ना?" विचारू नका, कारण त्याला "हो" सोडून उत्तर देता येत नाही, आणि दोनशेवेळा "हो" म्हणणं हे एक कामच आहे. त्यापेक्षा पावसाचं बोला. तुमच्या उसाचं, हळदीच्या भावाचं बोला.

डबे पाठवू नका. मी सगळ्यांना ओळखते. पहिल्या आठवड्यात नऊ घरांतून मटण जाईल आणि पाळकबाईंना नऊ डबे घासून, प्रत्येकात काहीतरी गोड घालून परत पाठवत बसावं लागेल. आणि पाळकबाईंचा विषय निघालाच आहे तर, महिला मंडळ, संडे स्कूल आणि पाहुण्यांचा चहा हे त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेच नाही, कारण त्यांना नेमणूकपत्रच नाही. पगारही नाही. सात महिन्यांत महिला मंडळ त्यांच्याशिवाय चाललं. तसंच चालू द्या, त्यांना यावंसं वाटलं तर त्या येऊन मागे बसतील.

तेराजणांनी घेतलेली कामं तेराजणांकडेच राहतील, हे माझं मुख्य मागणं आहे. कमिटीतले एक वडील मला म्हणाले, "ते आले की सगळं त्यांच्या हवाली करून मोकळे होऊ." आणि पुढे, "नाहीतर पगार कशाचा?" वडील, तुमचा मान राखून सांगते, तुम्हीच बायबल अभ्यासात मोशे आणि त्याचा सासरा इथ्रो यांचा धडा घेतला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशेभोवती माणसांची रांग बघून सासरा म्हणाला की हे तुला एकट्याला झेपायचं नाही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. तेव्हा मोशेच्या पगाराचा प्रश्न तुम्ही काढला नव्हता.

दुसरा एक धडा मला या महिन्यांत फार सोबतीला होता, एलीयाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानात एका झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत पाठवला, त्याच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं आणि पुन्हा जेवायला घातलं. नर्स म्हणून सांगते, यात एक अक्षर बदलायची गरज नाही. पुढे एलीया तक्रार करतो की मी एकटाच उरलोय, तेव्हा देव त्याला सांगतो, बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत. मला प्रश्न पडतो तो त्या सात हजारांबद्दल. इतकी माणसं होती तर त्याला एकटं का वाटलं? त्यांच्यातलं कोणी कधी त्याच्या दारी गेलं होतं का? काही मागायला नव्हे, नुसतं बसायला? आणि देवाने एलीयाला परत कामावर पाठवलं तेव्हा बरोबर मदतीला अलीशाही दिला. आपल्याकडे सहायक पाळक द्यायला पैसा नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तेराजण.

रजेबद्दल कुरकुर करणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला त्या काळी मिशनऱ्यांना ठरावीक वर्षांनी फर्लो मिळायची. बोटीने मायदेशी जायचं, वर्षभर राहायचं, ताजंतवानं होऊन यायचं. उन्हाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला जायचं ते निराळंच. त्यात काही वावगं नव्हतं, म्हणून तर ती माणसं इतकी वर्षं टिकली. फक्त देशी पाळकाच्या वाट्याला ती फर्लो आली नाही. साहेब गेले, त्यांची शिस्त आपण ठेवली, हिशेबाची वही ठेवली, घंटेची वेळ ठेवली, आणि सुट्टी तेवढी त्यांच्याबरोबर बोटीत बसवून दिली.

आणि धर्म हे पगारी माणसाचंच काम, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी साताऱ्याकडे बघावं. ज्यांची गीतं आपण दर रविवारी डोळे मिटून गातो ते नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिले आणि "देवाचा दरबार" मांडून बसले. बाप्तिस्मा झालेला, न झालेला, ज्याला ख्रिस्ताच्या मागे यायचंय तो आपला, असा तो दरबार. तिथे कोणी कोणाचा पगार काढला नाही.

सोमवार हा त्यांचा वार. त्या दिवशी फोन माझ्याकडे, माझा लागला नाही तर रेल्वेवाल्या काकांकडे. कोणी गेलं तर अर्थातच कळवू, मरण सोमवार बघून येत नाही. पण दाखले, सह्या, टाकी, माईक आणि "सहज केला होता फोन" यांच्यासाठी मंगळवार आहे. घरभेटींची यादी मी त्यांना देणार नाही. मागितली तरी महिनाभर देणार नाही, भांडले तरी चालेल.

जुडग्यातल्या किल्ल्या मी सोडवून ठेवल्यात. प्रत्येकीला चिंधी बांधून त्यावर शाईने लिहिलंय आणि ज्याची त्याला दिलीय. पाळकसाहेबांना रविवारी एकच मिळेल, त्यांच्या अभ्यासिकेची. तिची दुसरी प्रत काढलेली नाही.

त्या दिवशी त्यांच्याशी माझं स्वतःचं एक बोलणं राहिलंय, बहिणीच्या नावावरून. ते मी दारात करणार नाही. सवड झाली की ओट्यावर बसून करीन.

उपासनेनंतर हॉलमध्ये चहा आहे. कप आपापले धुवायचे.

आपली,
मंडळीतली एक निवृत्त नर्स

ता. क. सतरावी किल्ली कशाची आहे ते अजून सापडलेलं नाही. पितळेची आहे, दांडी लांब. कोणाला माहीत असेल तर मला सांगा. पाळकसाहेबांना विचारू नका.